कूस कोण बदलणार: सिंधुपाल्चोकमधल्या एका घराचा प्रकरण अभ्यास

घर नेपाळच्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यातलं, तामाङ समाजातलं. राहणारी माणसं पाच: आजी, आई, १५ वर्षांची मुलगी, १३ वर्षांचा थोरला आणि ७ वर्षांचा धाकटा. वडील मलेशियात, रबरी हातमोज्यांच्या कारखान्यात. दोन्ही मुलांना ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. मी सांगलीची फिजिओथेरपिस्ट. २०२३-२४ मध्ये काठमांडूतल्या एका छोट्या गटाबरोबर अशा घरांना भेटी देत होते, त्यात या घरी पाच वेळा गेले. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव देत नाही आणि दोन-चार तपशील बदलले आहेत. माझी चूक मात्र जशी झाली तशीच ठेवली आहे. खरं तर तिच्यासाठीच हे लिहायला बसले.

आजार असा. स्नायूची पेशी आकसताना-सैलावताना तिचं आवरण फाटू नये म्हणून डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन लागतं. या मुलांत ते बनतच नाही. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून आजार जवळजवळ फक्त मुलग्यांना होतो. साधारण ३,५०० ते ५,००० मुलग्यांमागे एकाला. तीन-चार वर्षांचा असताना पोरगा पडायला लागतो, चवड्यांवर चालतो, जिना चढताना दमतो. औषध नसेल तर बाराव्या वर्षाच्या आसपास चालणं थांबतं, मग हात, मग श्वास आणि हृदय. बरं करणारं औषध नाही. लांबवणारी आहेत.

काठमांडूहून अरनिको महामार्गानं दोलालघाटपर्यंत यायचं, जिथे इंद्रावती आणि सुनकोशी मिळतात. तिथून वर चढणाऱ्या रस्त्याला बोलेरो. बोलेरो नाशिकला बनते, हे मी ड्रायव्हरला फार अभिमानानं सांगितलं, पण त्याला क्लचप्लेटची जास्त काळजी होती. जिथे गाडी थांबते तिथून घर ५० मिनिटं चढ, अर्ध्या वाटेला दगडी पायऱ्या. घर २०१५ च्या भूकंपानंतरचं, सरकारी ३ लाख नेपाळी रुपयांच्या अनुदानातून उभं राहिलेलं. नियमाप्रमाणे पक्कं, म्हणून जोतं उंच, म्हणून दाराला चार पायऱ्या. जुनं मातीचं घर अंगणाच्या पातळीला होतं. भूकंपापासून वाचवणारं घर चाकाच्या खुर्चीला मात्र बंद झालं.

पहिल्याच भेटीत आजीनं कौतुकानं धाकट्याची पँट गुडघ्यापर्यंत वर सारली आणि त्याच्या पोटरीवर थाप मारली. ‘पहाडको छोरा!’ म्हणजे डोंगरातला पोरगा! पोटऱ्या खरोखर भरदार होत्या. ड्यूशेनमध्ये मरत चाललेल्या स्नायूच्या जागी चरबी आणि तंतू साठतात, आणि पोटरी फुगून बळकट दिसते. सपाट मुलखात आई निदान विचारते तरी की याच्या पोटऱ्या अशा का. जिथे सगळ्यांच्याच पोटऱ्या चढ-उताराने घट्ट झालेल्या, तिथे पोरगा गुणाचा ठरतो. तेवढ्यात धाकटा शेळीचं पिल्लू धरायला खाली बसला आणि उठताना आधी ओणवा झाला, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहिला. ब्रिटिश डॉक्टर विल्यम गावर्स यांनी १८७९ मध्ये वर्णन केलेली हीच ती खूण. आजीच्या दृष्टीनं तो आळशी होता.

थोरल्याचं निदान व्हायला तीन वर्षं गेली होती. तो पाच वर्षांचा असताना रक्तात एसजीओटी-एसजीपीटी ही एन्झाइम्स वाढलेली दिसली आणि एका ठिकाणी त्यावर काविळीचं औषध सुरू झालं. सात महिने तेल-तूप बंद आणि लिव्हरचं टॉनिक चालू. ही एन्झाइम्स यकृतात असतात तशी स्नायूंतही असतात. पडणाऱ्या मुलात ती वाढलेली दिसली तर आधी सीपीके बघायचं, म्हणजे स्नायू फाटले की रक्तात उतरणारं एन्झाइम. त्या वेळी ही साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. पुढे काठमांडूला सीपीके १४ हजारांच्या वर आलं (एरवी २०० च्या आसपास असतं), आणि जनुक चाचणीत ४८ ते ५० हे तुकडे गळालेले सापडले. धाकटा तेव्हा दोन वर्षांचा होता. त्याला तपासायचं कुणी सुचवलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात एक चाकाची खुर्ची उभी होती. कुठल्याशा संस्थेनं दिलेली, मोठ्या माणसाच्या मापाची, दवाखान्यात असते तशी. तिच्या बैठकीवर नाङ्लो ठेवलेलं, म्हणजे आपलं गोल सूप, आणि त्यात गुंद्रुक, म्हणजे आंबवलेला पाला, वाळत घातलेलं. आमच्या गटातल्या एकाला ते पाहून वाईट वाटलं. मला नाही. अंगणाची रुंदी १४ पावलं, पुढे शेताची ताल, खाली पायऱ्या. या खुर्चीत बसून पोरगा जाणार कुठे? गुंद्रुकाला निदान ऊन तरी मिळत होतं.

थोरल्याला बाहेर न्यायचं तर डोकोत. डोको म्हणजे खाली निमुळती होत गेलेली बांबूची पाटी. तिची एक बाजू कापून बसायची जागा केलेली, आणि नाम्लोचा पट्टा आईच्या कपाळावर. पोराचं वजन ४१ किलो, आईचं ४६. आपल्याकडे धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून झोळी खाली येताना ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे नवीन नाही. फरक इतकाच की झोळीला दोन खांदे लागतात. इथे एकच मान.

मी त्याला काखेत हात घालून उचलायला गेले. त्याचे खांदे कानांपाशी वर गेले आणि पोर माझ्या हातांतून खाली सरकलं. हे मी पुस्तकात वाचलंय, विद्यार्थ्यांना शिकवलंय. खांद्याभोवतीचे स्नायू गेले की काखेत उचलता येत नाही. तरी हात सवयीनं तिथेच गेले. आई हसली. तिनं एक हात गुडघ्यांखाली, दुसरा पाठीमागून पार पलीकडच्या कमरेपर्यंत घातला, त्याची हनुवटी आपल्या खांद्यावर टेकवून घेतली आणि श्वास सोडत उठली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आमच्या फॉर्मवर ४० प्रश्न होते. सांध्यांचे कोन, चालायचा वेळ, लसी, शाळा. रात्रीचा प्रश्न नव्हता. तो माझ्या तोंडून सहज निघाला, कारण आईच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं. ‘राति कति पटक उठ्नुहुन्छ?’ रात्री किती वेळा उठता? तिनं बोटांच्या पेरांवर मोजलं. सहा, कधी सात. थोरल्याला कूस बदलता येत नाही. एका अंगावर तासाभरात दुखायला लागतं, तो हाक मारतो, ती उठून वळवते. तीन वर्षं. दिवसा गवत, म्हैस, पाणी, मका. आणि दुसरी गोष्ट तिनं नव्हे, मुलीनं सांगितली: थोरला दुपारी चारनंतर पाणी पीत नाही. शौचालय अंगणापलीकडे, चार पायऱ्या उतरून. रात्री आईला आणखी उठवायला नको म्हणून त्यानं हा नियम स्वतःच केला होता. त्याच्या बद्धकोष्ठतेवर काठमांडूहून दोनदा औषध आलं होतं.

पहिल्या भेटीचं खरं काम मग दोन तासांत झालं. फोमची गादी कापून पाठीमागे लावायला उतरता तुकडा केला, दोन गुडघ्यांमध्ये ठेवायला एक उशी, आणि अंगाखाली छत्रीच्या कापडासारखी घसरणारी नायलॉनची चादर, म्हणजे पोराला उचलायचं नाही, चादर ओढली की तो वळतो. तेलाच्या प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून, कडा निखाऱ्यावर गुळगुळीत करून लघवीचं भांडं. अंथरूण चुलीपासून दूर, खिडकीकडे, कारण धुरानं छातीत कफ होतो आणि याच्यात तो खोकून काढायची ताकद नाही. महिन्याभरानं फोनवर विचारलं तर उठणं सहा-सातवरून तीनवर आलं होतं. पोरगा संध्याकाळी पाणी प्यायला लागला होता.

आता चूक.

दुसरी भेट मे महिन्यात. या वेळी मला वंशावळ हवी होती, कारण आईच्या बोलण्यात तिच्या भावाचा उल्लेख आला होता. त्याचंही चालणं दहाव्या वर्षी थांबलं होतं आणि अठराव्या वर्षी गेला. ओसरीवर आम्ही बसलो. सोबत गावची स्वास्थ्य स्वयंसेविका. नेपाळमध्ये १९८८ पासून अशा महिला स्वयंसेविका आहेत, ५० हजारांच्या वर. आपल्या आशाताईंसारख्याच, पगाराच्या बाबतीत त्याहून बिकट. ती माझं मोडकं नेपाळी तामाङमध्ये सांगत होती. अंगणात शेजारच्या आठ-नऊ बाया जमल्या, कारण परदेशी बाई आली की जमतातच. मी मक्याचे दाणे मुलींसाठी आणि काळे भटमास, म्हणजे सोयाबीन, मुलग्यांसाठी मांडले. आजाराचे दाणे बाजूला सरकवले. चित्र इतकं सुरेख जमलं की मलाच छान वाटलं. दोन मुलगे आणि एक भाऊ, म्हणजे ही आई नक्की वाहक: बिघडलेलं जनुक तिच्यात आहे, आजार तिला नाही.

मी ‘वंशाणुगत’ असा भारदस्त शब्द वापरला. स्वयंसेविकेनं तो सोपा केला: आमाको रगतबाट, म्हणजे आईच्या रक्तातून. रगत हा शब्द मला भाषांतराशिवाय कळला, आमच्या सांगलीकडेही तोच आहे. अंगणातल्या सगळ्यांनाही कळला.

आजी काही बोलली नाही. उठली, खुर्चीवरचं नाङ्लो उचलून घरात घेऊन गेली. तामाङांत कूळ बापाच्या हाडातून येतं असं मानतात. आत जाताना ती जे पुटपुटली ते स्वयंसेविकेनं मला वाटेत उतरताना सांगितलं: हाड तर आमचं धडच आहे.

तीन आठवड्यांनी गेलो तर आई माइतला, म्हणजे माहेरी निघून गेली होती. मुलगी अकरा दिवस शाळेत गेली नव्हती, रात्री भावाला तीच वळवत होती. थोरल्याच्या कमरेच्या हाडावर लाल चट्टा होता, दाबला तरी न जाणारा. शेजारणींपैकी कुणीतरी नळावर म्हटलं होतं की एका बाईनं दोन घरं खाल्ली.

वाहक असणं हा दोष नाही, एक तृतीयांश मुलांत तर हा बदल नव्यानेच घडतो आणि आई वाहक नसतेही, हे सगळं मला सांगता आलं असतं. सांगितलं नाही असंही नाही. पण ते मी शेवटी ठेवलं होतं, आणि शेवटपर्यंत ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. दवाखान्यात दार लावून घेता येतं. ओसरीला दार नसतं. माहिती खरी असूनही ती कुणाच्या देखत सांगायची हे ठरवायचा हक्क त्या आईचा होता, आणि मी तो विचारलाही नाही.

नातं समजून घेतल्यावर दुसरी गोष्ट उलगडली. तामाङांत मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न रीतीला धरून असतं, आपल्याकडे अनेक घरांत मामाची मुलगी करतात तसं. ही सून आजीच्या सख्ख्या भावाची मुलगी होती. आत्या तीच सासू. मग गेलेला तो भाऊ आजीचा भाचा. इथे आणखी एक गैरसमज आडवा येतो, काठमांडूतही आणि सांगली-मिरजेतही: मूल असं झालं की पहिला प्रश्न, नात्यात लग्न झालंय का? काही स्नायूंच्या आजारांत तो प्रश्न योग्य आहे, कारण तिथे आई आणि बाप दोघांकडून बिघडलेलं जनुक यावं लागतं. ड्यूशेनमध्ये बापाच्या बाजूचा संबंधच नाही. परक्या गावचा नवरा केला असता तरी हेच झालं असतं.

त्या तिसऱ्या भेटीत मी दाणे काढले नाहीत. आजीला फक्त तिच्या भाच्याबद्दल विचारलं. ती बराच वेळ बोलली. त्याला डोकोत घालून ती बोम्बोकडे घेऊन गेली होती, म्हणजे त्यांच्या झाडफूक करणाऱ्याकडे. रात्रभर त्याचा ढोल, ढ्यांग्रो, वाजला, कोंबडा दिला. शेवटच्या वर्षी त्याला आडवं झोपताच येत नव्हतं, उशीला टेकला की दचकायचा, बसूनच झोपायचा. श्वासाचे स्नायू दमल्याचं इतकं नेमकं वर्णन मी कॉलेजात ऐकलं नव्हतं. मग तिनं विचारलं, हे त्याच्याकडून आलं का? मी म्हटलं, नाही, दोघांना एकाच ठिकाणाहून आलं. ते ठिकाण म्हणजे तिची भावजय. तेवढं वाक्य माझ्या तोंडाशी आलं आणि मी गिळलं. एका बाईवरचा बोल उचलून दुसऱ्या बाईवर ठेवण्यात काय साधणार होतं? ती भावजय जिवंत होती, तिनं मुलगा पुरला होता.

चौथ्या दिवशी आजी स्वतः डोंगर उतरून-चढून सुनेला आणायला गेली. सुनेचं माहेर ते तिचंही माहेर. तिथे काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

उपचारांचं त्यामानानं लवकर सांगते. थोरल्याचं हृदय तपासून धुलिखेलच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एनालाप्रिल हे हृदयाचं औषध सुरू केलं. मुखवटा लावलेली अँबू बॅग दिली, म्हणजे हातानं दाबून श्वास देणारी रबरी पिशवी. लागोपाठ दोन-तीन फुंका आत भरायच्या आणि मग पोटावर दाबून खोकवायचं. वीज लागत नाही, मुलगी ते एका सकाळीत शिकली. खुर्चीची बैठक आवळून, खाली फळी घालून थोरल्याच्या मापाची केली आणि ओसरीवरच कायमची ठेवली. रुंद खुर्चीत मूल एका अंगाला कलतं आणि कणा वाकतो. आता तो तिथे बसून धाकट्याचा गृहपाठ करून देतो, हे शिक्षकांना माहीत नसावं.

धाकट्याच्या स्टेरॉइडवर मात्र तीन बैठका झाल्या. प्रेडनिसोलोन रोज किलोमागे ०.७५ मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या २० किलोला १५ मिलिग्रॅम. चालणं दोन-तीन वर्षं लांबतं. पण भूक वाढते, वजन वाढतं, आणि इथे प्रत्येक किलो उद्या आईच्या कपाळावरच्या पट्ट्यावर येणार. शिवाय ते अचानक बंद झालं तर शरीर कोसळू शकतं, आणि असार-साउनात, आपल्या आषाढ-श्रावणात, दरड कोसळून रस्ता आठ-आठ दिवस बंद असतो. वडील फोनवर होते, तिकडे रात्रपाळी संपत होती. त्यांनी अमेरिकेतल्या जनुक उपचाराबद्दल विचारलं, व्हिडिओ पाहिला होता. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या त्या एका मात्रेची किंमत ३२ लाख डॉलर. मी आकडा सांगितला. ते गप्प झाले, मग म्हणाले, गोळी सुरू करा. पुढे २०२५ मध्ये चालणं थांबलेल्या मुलांत त्या उपचारानंतर यकृत निकामी होऊन मृत्यू झाले, तेव्हा त्यांचा पुन्हा फोन आला, थोरल्याला तो उपचार मिळाला नाही हेच बरं झालं, असं म्हणायला. गोळ्या सुरू झाल्या, लसी आधी पूर्ण करून. दोन महिन्यांचा जादा साठा पत्र्याच्या डब्यात, डब्याच्या झाकणावर नेपाळीत तीन ओळी: ही गोळी एकदम बंद करू नये. भूल देताना सक्सिनिलकोलीन (स्नायू सैल करणारं औषध) देऊ नये. धाप लागली तर नुसता ऑक्सिजन लावून सोडू नये, श्वासाला आधार द्यावा. स्वास्थ्य चौकीतही त्याची प्रत चिकटवली.

थोरल्याकडे अपंगत्वाचं निळं कार्ड होतं, तो चालत असताना काढलेलं. लाल कार्डाला महिना ३,९९० नेपाळी रुपये मिळतात, निळ्याला २,१२८. भारतीय रुपयांत सुमारे २,५०० आणि १,३३०. वडा, म्हणजे वॉर्ड, कार्यालयाची शिफारस आणि पालिकेची समिती धरून कार्ड बदलायला पाच महिने लागले. त्यातला एक महिना मुलाला प्रत्यक्ष हजर करा या अटीत गेला. आईनं त्याला डोकोतून नेलं. मी तिथे असते तर भांडले असते. ती भांडली नाही, त्याला टेबलासमोर खुर्चीत बसवलं, हात सोडला, आणि तो कलंडल्यावर धरला. कार्ड लाल झालं.

शेवटच्या भेटीत मुलगी मला पोचवायला चौतारीपर्यंत आली. चौतारी म्हणजे आपला पिंपळाचा पार, ओझं टेकवायला कमरेइतक्या उंचीचा. आजी तिला नानी म्हणते, तिकडे लहान मुलीला नानी म्हणतात. ती म्हणाली, ‘मिस, मेरो पनि?’ माझंही? ती त्या दिवशी अंगणात होती, दाणे तिनंही पाहिले होते. मी सांगितलं, शक्यता निम्मी. असलं तरी तुझ्या चालण्याला सहसा काही होत नाही, हृदय मात्र अधूनमधून तपासून घ्यायचं. चाचणी तू सज्ञान झाल्यावर, तुला हवी असेल तर, आणि निकाल फक्त तुझ्या हातात. तिनं विचारलं, घरी सांगावं लागेल का? नाही म्हटलं. तिनं मान हलवली आणि स्वयंसेविकेचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये वेगळ्या नावानं सेव्ह केला.

वाहक असल्यामुळे आईचंही हृदय तपासायला हवं. मी हे तिला एकटीला सांगितलं, म्हैस धूत असताना. ती हो म्हणाली. धुलिखेलला जाऊन-येऊन दोन दिवस आणि मध्ये एक रात्र. मुलगी त्या वेळी परीक्षेला बसलेली असणार, आजीला चादर ओढायला जोर पुरत नाही. तारीख तीनदा पुढे गेली आहे, कारण त्या एका रात्री थोरल्याला कोण वळवणार हे अजून ठरत नाहीये.